तुरुंगाशिवाय शिक्षा : गुन्ह्याचं देणं कुणाला फेडायचं?

घटक : सामाजिक नियंत्रण – गुन्हा आणि शिक्षा
कुणासाठी : इयत्ता ११ वी व १२ वी (समाजशास्त्र, राज्यशास्त्र). निबंध आणि वादविवाद स्पर्धेसाठीही उपयोगी.

या पाठातून काय शिकायचं?
१) शिक्षा कशासाठी दिली जाते ते सांगता येणं.
२) तुरुंगाऐवजी कायद्यात कोणत्या शिक्षा आहेत ते ओळखता येणं.
३) कोर्टाची शिक्षा आणि गावाने दिलेली शिक्षा यांतला फरक सांगता येणं.
४) तुरुंग कुठे हवा आणि कुठे नको, यावर स्वतःचं मत कारणांसह मांडता येणं.

प्रस्तावना

मुलांनो, हा घटक सुरू करताना मी वर्गात फळ्यावर एक प्रसंग लिहिला होता. तोच इथे देते.

मांडवा जेट्टी. रविवारची दुपार, परतणाऱ्या पर्यटकांची गर्दी. लाँचवर सामान चढवायचं काम करणारा १९ वर्षांचा एक मुलगा एका प्रवाशाच्या पिशवीतून मोबाइल काढतो. मोबाइल जुना, किंमत साडेचार हजार रुपये. अर्ध्या तासात तो पकडला जातो आणि मोबाइल परत मिळतो. याआधी त्याच्या नावावर काहीही नाही. आता त्याचं काय करायचं?

वर्गात तीन उत्तरं आली. पहिलं, "बाई, आत टाका. सोडला तर उद्या परत करेल." दुसरं, "मोबाइल मिळाला ना? मग द्या सोडून. पोराचं आयुष्य कशाला खराब करायचं?" आणि तिसरं मागच्या बाकावरून, हसत हसत, "चार फटके द्यायचे तिथल्या तिथे. विषय संपला."

मग शेवटी एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "बाई, ज्याचा मोबाइल गेला त्याला काय मिळालं? त्याची तर लाँच चुकली." सगळा वर्ग गप्प झाला, कारण तिन्ही उत्तरांत त्या माणसाचा विचारच नव्हता.

आजचा पाठ त्या मुलीच्या प्रश्नावर आहे. गुन्हा केला म्हणजे माणसाच्या डोक्यावर एक देणं चढतं. हे देणं कुणाचं आणि ते फेडायचं कसं? तीनही उत्तरं आपण एकेक करून तपासू आणि मग कायद्यात चौथं उत्तर आहे का ते बघू.

शिक्षा कशासाठी?

पुस्तकात शिक्षेचे जे हेतू दिलेले असतात ते आधी सोप्या शब्दांत समजून घ्या.

• प्रतिशोध : जसं केलंस तसं भोग.
• धाक : याला शिक्षा झाली हे बघून बाकीच्यांनी घाबरावं.
• अटकाव : हा माणूस बाहेरच नसेल तर निदान तेवढा काळ गुन्हा करणार नाही.
• सुधारणा : हा माणूस पुन्हा नीट जगायला लागावा.
• भरपाई : ज्याचं नुकसान झालं त्याचं नुकसान भरून निघावं.

यातल्या अटकावाचं काम तुरुंग उत्तम करतो, यात शंका नाही. प्रतिशोधही काही प्रमाणात होतो. सुधारणा तुरुंगात काय चालतं यावर अवलंबून असते. भरपाईच्या बाबतीत मात्र तुरुंग जवळजवळ कोरडाच. चोर आत बसला म्हणून फिर्यादीच्या हातात काही पडत नाही, आणि चोराला पोसायचा खर्च सगळ्यांच्या करातून होतो, म्हणजे त्यात फिर्यादीचाही वाटा आलाच!

पहिलं उत्तर : "आत टाका"

अलिबागचं जिल्हा कारागृह तुम्ही बाहेरून पाहिलं असेल. कान्होजी आंग्रेंच्या काळातल्या हिराकोट किल्ल्यात ते आहे. काळ्या दगडांची भिंत बघितली की वाटतं, आत सगळे शिक्षा झालेले गुन्हेगार असतील. पण आपल्या देशातल्या तुरुंगांचं चित्र तसं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, ज्याच्यावरचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असा माणूस. म्हणजे दर चार माणसांतली तीन माणसं निकालाआधीच आत. आणि जागा किती? जिथे १०० जणांची सोय, तिथे सरासरी १३१ जण.

एवढे लोक निकालाआधी आत का? काहींचे गुन्हे गंभीर असतात, त्यांना जामीन नाकारला जातो. ते समजण्यासारखं आहे. पण कित्येकांना जामीन मंजूर होऊनही बाहेर येता येत नाही. जामीनदार कोण राहणार? सातबारा कुणाचा दाखवणार? रोजंदारीवर जगणाऱ्याला हे प्रश्न सुटत नाहीत. पैसेवाला त्याच दिवशी घरी आणि गरीब आत, असं झालं की शिक्षा गुन्ह्याला झाली की गरिबीला, असा प्रश्न पडतो.

आता फळ्यावरच्या प्रसंगात एकच बदल करू. मोबाइल साडेचार हजारांचा नाही, बारा हजारांचा होता असं समजा. साध्या चोरीला पहिल्या वेळी जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं आहे. या मुलाला जामीनदार मिळाला नाही तर तो खटला चालेपर्यंत आत राहू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही अशा आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. कायद्यात केलेली ही सुधारणा चांगलीच आहे. पण हिशोब करा. ३ वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे १ वर्ष. एका मोबाइलपायी, निकाल लागण्याआधी एक वर्ष!

त्या वर्षात काय होतं? लाँचवरचं काम जातं. घरात तो एकटा कमावता असेल तर आईला लोकांच्या दारात उभं राहावं लागतं. आणि आत त्याची सोबत कुणाशी होते? पहिल्यांदा चुकलेला १९ वर्षांचा मुलगा सराईत लोकांच्या मध्ये वर्षभर राहिला तर तो काय शिकून बाहेर येईल, याचा विचार तुम्हीच करा.

दुसरं उत्तर : "द्या सोडून"

हे उत्तर मायेचं आहे, पण अपुरं आहे. नुसतं सोडून दिलं तर त्या मुलाला काय कळलं? आज नशिबाने सुटलो, एवढंच. फिर्यादीला वाटतं, पोलिसांकडे जाऊन उपयोग काय? आणि जेट्टीवर प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बाकीच्या पोरांकडे प्रवासी संशयाने बघायला लागतात. म्हणजे देणं तसंच राहिलं, उलट वाढलं.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : तुरुंगाला पर्याय म्हणजे माफी नव्हे. ती वेगळ्या प्रकारची शिक्षाच आहे. कधी कधी ती जास्त अवघडही असते, कारण तिथे ज्याचं नुकसान केलं त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं.

याचं एक गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे. १९७४ साली ऑन्टारिओ प्रांतातल्या एल्मिरा या लहान गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या. त्यांना तुरुंगात पाठवणं सहज शक्य होतं. पण त्या प्रकरणातल्या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना वेगळंच सुचवलं, आणि ते मान्य झालं. दोघांनी नुकसान झालेल्या लोकांच्या दारात जायचं, समोर उभं राहायचं, ऐकून घ्यायचं आणि भरपाई द्यायची. काही महिन्यांत त्यांनी ती भरपाई दिलीसुद्धा. आज ज्याला 'पुनर्स्थापक न्याय' म्हणतात, म्हणजे बिघडलेलं पुन्हा जागेवर आणणारा न्याय, त्याची आधुनिक सुरुवात सांगताना या गावाचं नाव घेतलं जातं.

विचार करा, आपल्या गावात असं दारोदार जाणं सोपं आहे का? जिथे प्रत्येक घर ओळखीचं, तिथे तर नाहीच नाही.

तिसरं उत्तर : "चार फटके"

हे उत्तर हसत हसत आलं असलं तरी तेच सगळ्यात धोक्याचं आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात तर यावर जास्त गंभीरपणे बोलायला हवं.

गावकीने किंवा जातपंचायतीने बसून निवाडा करायचा, दंड ठोकायचा, माफी मागायला लावायची आणि ऐकलं नाही तर वाळीत टाकायचं, ही पद्धत आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. वाळीत टाकलेल्या घराशी कुणी बोलत नाही, दुकानदार सामान देत नाही, लग्नाला बोलावत नाहीत, मयताला खांदा देत नाहीत. रायगडमधून अशा तक्रारी मोठ्या संख्येने पुढे आल्या. अखेर महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. २०१६ साली विधिमंडळाने तो मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

काही जण म्हणतील, "बाई, पण गावकीत तुरुंग नसतो. मग तो पर्यायच झाला ना?" नाही. फरक नीट समजून घ्या.

कोर्टात आरोपीला बाजू मांडता येते, गावकीत ते पंचांच्या मर्जीवर. कोर्टाची शिक्षा कायद्यात आधी लिहिलेली असते, गावकीचा दंड त्या रात्री ठरतो. कोर्टाच्या निकालावर अपील होतं, गावकीच्या निकालावर अपील केलं तर तोच नवा गुन्हा ठरतो. आणि कोर्ट एकट्या गुन्हेगाराला शिक्षा देतं, बहिष्कार मात्र त्याच्या आईला, बायकोला आणि शाळेत जाणाऱ्या पोरालाही भोगावा लागतो.

आपल्या गावाचं नाव देशभर पोचलं ते 'अग्निपथ' या हिंदी सिनेमामुळे. १९९० सालचा सिनेमा आणि २०१२ साली आलेला नवा, दोन्हींत गोष्ट मांडव्याची आहे. सिनेमातला गाव काल्पनिक, ते सोडा. पण गोष्टीची सुरुवात आठवा : गावातल्या मास्तरवर खोटा आळ येतो, जमाव खरंखोटं न करता त्याच्यावर उलटतो, आणि त्याचा मुलगा सूडाच्या वाटेने गुन्हेगारीत जातो. जमावाच्या निवाड्याने एक गुन्हा मिटत नाही, त्यातून पुढचे दहा जन्माला येतात, हे सिनेमावाल्यांनाही कळलं होतं!

मग गावात काहीच मिटवायचं नाही का? मिटवायचं, पण मर्यादेत. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, किरकोळ भांडणाचे वाद गावातच सामोपचाराने मिटावेत हा तिचा हेतू. कायद्यातही काही गुन्हे 'तडजोडपात्र' आहेत. रागाच्या भरात कुणी दुसऱ्याचं जाळं कापलं, तर असं खासगी नुकसान भरून देऊन फिर्यादीच्या संमतीने प्रकरण मिटू शकतं. लोकअदालतीतही अशीच प्रकरणं घेतली जातात. पण लैंगिक अत्याचार, बालकांवरचे अत्याचार, खून हे गावात 'मिटवायचे' विषय नाहीतच. घरातल्या मारहाणीच्या बाबतीत बाईवर "जाऊ दे, मिटवून टाक" असा दबाव येतो, त्याला तडजोड म्हणत नाहीत. संमती मोकळेपणाने दिलेली नसेल तर ती संमतीच नव्हे.

चौथं उत्तर : कायदा काय म्हणतो?

आता मुख्य भागाकडे येऊ. तुरुंगाऐवजी कोर्टाच्या हातात काय काय आहे?

१) ताकीद आणि चांगल्या वागणुकीचं बंधपत्र

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ हा कायदा वयाने साठीच्या पुढचा आहे, पण बऱ्याच लोकांना माहीतच नाही. मुंबई प्रांतात तर १९३८ सालीच असा कायदा झाला होता. १९५८ च्या कायद्यातल्या महत्त्वाच्या तरतुदी अशा :

• कलम ३ : चोरीसारख्या काही गुन्ह्यांत, किंवा २ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत, आधी शिक्षा झालेली नसेल तर कोर्ट ताकीद देऊन सोडू शकतं.
• कलम ४ : ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात आरोपीला शिक्षा न सुनावता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं. या काळात परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवता येते.
• कलम ५ : सोडताना फिर्यादीला नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च द्यायला लावता येतं.
• कलम ६ : गुन्हेगार २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर शक्यतो तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर कोर्टाने कारण लिहून द्यायचं.
• कलम १२ : अशा प्रकारे सोडलेल्या माणसाला, दोषी ठरल्यामुळे कायद्याने येणारी अपात्रता लागू होत नाही.

कलम ६ पुन्हा वाचा. आपला मुलगा १९ वर्षांचा. म्हणजे मोबाइल बारा हजारांचा असला तरी हा दरवाजा त्याच्यासाठी उघडा आहे. बंधपत्राची अट मोडली तर मात्र कोर्ट त्याला पुन्हा बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. मान मोकळी असते, दोरी कोर्टाच्या हातात.

परिवीक्षा अधिकारी हा या सगळ्याचा कणा. घरची परिस्थिती कशी, मुलगा काय काम करतो, संगत कुणाची, याची चौकशी करून तो कोर्टाला अहवाल देतो. पुढे देखरेख ठेवतो, काम मिळवून द्यायला मदत करतो. असे अधिकारी पुरेसे असतील आणि त्यांना हिंडायला वेळ असेल तरच हा कायदा चालतो. नाहीतर बंधपत्र फाइलीत आणि मुलगा वाऱ्यावर.

२) सामुदायिक सेवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ४ मध्ये शिक्षांच्या यादीत प्रथमच 'सामुदायिक सेवा' हा प्रकार आला. म्हणजे कोर्टाने सांगितलेलं, समाजाच्या उपयोगाचं काम विनामोबदला करायचं. इंग्लंडमध्ये ही पद्धत १९७२ च्या कायद्याने आली. आपल्याकडे ती मोजक्या सहा गुन्ह्यांनाच लागू आहे. त्यातले तुमच्या ओळखीचे तीन :

• ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी ठरलेला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल तर (कलम ३०३).
• सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन त्रासदायक वागणं (कलम ३५५). ३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या किनाऱ्यावर काय चालतं ते वेगळं सांगायला नको!
• बदनामी (कलम ३५६). व्हॉट्सॲपवर कुणाविषयी वाटेल ते पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणजे फळ्यावरच्या मूळ प्रसंगाचं, साडेचार हजारांच्या मोबाइलचं, उत्तर आता कायद्यातच लिहिलेलं आहे. मोबाइल परत झाला, मुलगा पहिल्यांदाच दोषी ठरला, तर शिक्षा सामुदायिक सेवेची.

एक उणीव मात्र आहे. काम किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, हे संहितेत सांगितलेलं नाही. समजा, त्या मुलाला किनारा साफ करायला सांगितला. हजेरी कोण घेणार? त्याच्या गळ्यात 'मी चोर' अशी पाटी घालून कुणी फोटो काढला तर? मग सेवा कसली, ती धिंडच झाली. काम उपयोगाचं हवं, मोजलेलं हवं आणि माणसाचा मान राखणारं हवं.

३) अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १८ मध्ये मुलांसाठी समज देणं, समुपदेशन, सामुदायिक सेवा, पालकांना दंड, चांगल्या वागणुकीवर सोडणं असे बरेच मार्ग आहेत. विशेष गृहात ठेवणं हा त्यातला शेवटचा, जास्तीत जास्त ३ वर्षांचा.

४) खुलं कारागृह

हे पूर्ण पर्याय नव्हे, मधली पायरी आहे. आणि तिची मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच घडली. १९३९ साली औंध संस्थानात, आटपाडीजवळ, 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पाठिंबा दिला आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची ती कल्पना. तट नाहीत, गजांची दारं नाहीत. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासह राहायचं. ही वसाहत आज सांगली जिल्ह्यात येते. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. कथा ग. दि. माडगूळकरांची. सहा कैद्यांचे बारा हात आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या जेलरचे दोन डोळे, असा त्या नावाचा अर्थ. येरवडा, पैठण इथेही पुढे खुली कारागृहं झाली. शिक्षेचा काही भाग नीट वागून काढलेल्या निवडक कैद्यांना तिथे पाठवतात.

नॉर्वेत बास्टॉय नावाच्या बेटावर असंच कारागृह आहे. तिथे ये-जा करायची बोट चालवण्याचं काम कैद्यांनी केलेलं आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला याचं विशेष वाटायला हवं. ज्याला पळून जायचं असेल त्याच्याच हातात बोट दिली, तर तो ती परत आणतो!

मग तुरुंग नकोच का?

असं मुळीच नाही. दुसरी बाजूही तितकीच नीट मांडा, नाहीतर निबंध एकांगी होतो.

पहिला मुद्दा, काही गुन्ह्यांत नुकसान भरून येत नाही. २००० साली दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात, बेदरकारपणे गाडी चालवून माणसाचा जीव घेणाऱ्या चालकाला परिवीक्षेचा फायदा द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. रस्त्यावरच्या मृत्यूंची संख्या बघता इथे धाक हवाच, असं न्यायालयाचं म्हणणं. शनिवार-रविवारी मांडवा-अलिबाग रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग बघणाऱ्यांना हे पटेल.

दुसरा मुद्दा, सौम्य आदेश गुन्ह्याच्या मानाने हास्यास्पद वाटला तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर ठार झाले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामीन देताना बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली आणि देशभर संताप उसळला. इथे एक बारकावा परीक्षेत उपयोगी पडेल : ती शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. तरी लोकांचा राग चुकीचा म्हणता येणार नाही. दोन घरांतली माणसं गेली आणि समोर तीनशे शब्द! देणं आणि फेड यांचा मेळच बसला नाही. आणि आपल्या जेट्टीवरच्या पोराला एवढी सवलत मिळाली असती का, हाही प्रश्न लोकांच्या मनात होताच.

तिसरा मुद्दा, सराईत आणि हिंसक गुन्हेगारापासून इतरांना वाचवणं हे सरकारचं कर्तव्य आहे. तिथे तुरुंग लागतोच.

म्हणून कोणत्याही शिक्षेला चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्या :
• ज्याचं नुकसान झालं त्याला काही मिळालं का?
• गुन्हा करणारा पुन्हा करणार नाही याची काही सोय झाली का?
• गुन्ह्याच्या वजनाइतकी शिक्षा आहे का?
• गरीब आणि श्रीमंत दोघांना ती सारखीच लागू होईल का?

समारोप

वर्गात शेवटी आम्ही पुन्हा मतदान घेतलं, पण यावेळी "आत की बाहेर" असं विचारलं नाही. "देणं कसं फेडायचं?" असं विचारलं. मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांत बऱ्याच गोष्टी आल्या : मोबाइलवाल्याची माफी मागायची, बुडालेल्या फेरीचे पैसे द्यायचे, काही रविवार जेट्टीवर म्हाताऱ्या प्रवाशांचं सामान फुकट चढवायचं. एकाने लिहिलं होतं, "हे सगळं झाल्यावर त्याला कोणी चोर म्हणायचं नाही."

ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण ती कोर्टाला पाळता येत नाही. कोर्ट बंधपत्र घेईल, काम लावेल, भरपाई द्यायला लावेल. पण मुदत संपल्यावर त्या मुलाला लाँचवर पुन्हा काम द्यायचं की नाही, हे गावाने ठरवायचं असतं. देणं फेडलेल्या माणसाला आपण कायम देणेकरीच म्हणत राहिलो, तर कायद्याने उघडलेला दरवाजा आपणच लावून घेतला असं होईल.

स्वाध्याय

१) व्याख्या लिहा : कच्चा कैदी, बंधपत्र, परिवीक्षा, सामुदायिक सेवा, तडजोडपात्र गुन्हा.
२) फरक स्पष्ट करा : कोर्टाची शिक्षा आणि सामाजिक बहिष्कार.
३) "तुरुंगाला पर्याय म्हणजे माफी नव्हे." उदाहरणासह स्पष्ट करा.
४) खालील प्रसंगांत कोणता मार्ग योग्य, कारणांसह सांगा :
अ) २० वर्षांच्या मुलाने ३,००० रुपयांचं सायकलचं सामान चोरलं, माल परत केला.
आ) दारू पिऊन गाडी चालवली, एकाचा मृत्यू झाला.
इ) रागाने शेजाऱ्याचं जाळं कापलं.
ई) नवऱ्याने बायकोला मारलं, घरचे म्हणतात "मिटवून टाका".
५) उपक्रम : आजी-आजोबांना विचारा, पूर्वी गावात भांडणं कशी मिटवत? त्यातलं आज काय ठेवावं, काय टाकून द्यावं, यावर १५ ओळी लिहा. कुणाचंही नाव लिहू नका.